नसलेल्या भिंतीच्या कडेकडेने

मुंबईच्या फोर्ट भागाला फोर्ट का म्हणतात, असे कोणी विचारले तर उत्तर सोपे आहे. तिथे किल्ला होता. अडचण त्यानंतर सुरू होते, कारण तो किल्ला दाखवा असे त्याने म्हटले तर बोट दाखवायला जागा सापडत नाही. गेली सहा-सात वर्षे मी महिन्यातल्या एखाद्या रविवारी पहाटे कॅमेरा घेऊन या भागात फिरते. मनोरे, कमानी, कारंजी, जिने आणि कबुतरे यांचे काही हजार फोटो माझ्याकडे साठले आहेत. दिवाळीनंतर ते नीट लावून ठेवायला बसले आणि एकामागून एक फोल्डरला 'फोर्ट' असे नाव देत गेले, तेव्हा मध्येच हात थांबला. यातल्या एकाही फोटोत फोर्ट नव्हता. जे होते ते बहुतेक सगळे किल्ला पाडून झाल्यावर, मोकळ्या झालेल्या जागेवर उभे राहिलेले होते.

म्हणून फेब्रुवारीच्या अखेरीस एका रविवारी ठरवून निघाले. इमारतींच्या मागे न लागता जुन्या तटाची रेघ धरून चालायचे आणि भिंत नाहीच म्हटल्यावर तिच्या जागी काय दिसते ते टिपायचे, एवढाच बेत होता. सोबत एक कॅमेरा, ३५ मिलिमीटरची एकच लेन्स, एक गडद फिल्टर आणि माझा जुना, एक पाय सैल झालेला ट्रायपॉड.

थोडी पूर्वपीठिका सांगितल्याशिवाय ही रेघ कळणार नाही. १७१५ साली गव्हर्नर झालेल्या चार्ल्स बून यांच्या काळात इंग्रजांनी आपल्या वसाहतीभोवती तट बांधून घेतला. त्याला तीन मुख्य दरवाजे होते: उत्तरेला बाजार गेट, पश्चिमेला चर्च गेट आणि दक्षिणेला अपोलो गेट. पूर्वेला समुद्र होता आणि त्या बाजूला बॉम्बे कॅसल हा आतला किल्ला. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, तेव्हा मराठे आता मुंबईवर येणार या धास्तीने तटाबाहेर खंदक खणायचे ठरले आणि त्यासाठी शहरातल्या व्यापाऱ्यांनी ३०,००० रुपये वर्गणी काढून दिले. वसईचा विजय आपण शाळेत वसईच्या बाजूने शिकतो. त्याच बातमीने इकडे कुदळी हातात घ्यायला लावल्या होत्या, हे मला या तटाच्या नादाला लागल्यावर समजले. तटाबाहेर तोफांच्या माऱ्यासाठी मोठे मैदान मोकळे ठेवले गेले. त्या मैदानाचे तुकडे म्हणजे आजची ओव्हल, क्रॉस आणि आझाद मैदाने. तिथे रविवारी ज्या जागी एकमेकांना चिकटून दहा-बारा खेळपट्ट्यांवर क्रिकेट चालते, ती जागा मुळात शत्रूला लपायला झुडूपही मिळू नये म्हणून मोकळी राहिलेली आहे.

पुढे शत्रू उरला नाही आणि गर्दी मात्र वाढली. १८६२ साली सर बार्टल फ्रियर गव्हर्नर झाले आणि पुढच्या काही वर्षांत तट पाडून टाकला गेला. त्याच सुमारास अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे इंग्लंडच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेनासा झाला होता आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचे मोल आले होते. पाडापाडीतून मिळालेली जागा आणि कापसातून आलेला पैसा एकाच वेळी हाताशी आला. आज आपण ज्या मुंबईचे फोटो काढतो ती बरीचशी या योगायोगातून निघाली.

फोटोग्राफरच्या दृष्टीने यात एक तारीख फार महत्त्वाची आहे. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे दोघेही तिचे सभासद होते आणि नारायण दाजी तर उत्तम फोटो काढत. पुढच्याच वर्षी, १८५५ मध्ये, एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. म्हणजे हौशी, साधनसंपन्न आणि शिकलेली माणसे हातात कॅमेरे घेऊन शहरात फिरू लागली तेव्हा तट उभा होता, आणि जेमतेम आठ-दहा वर्षांत तो गेला. शे-दीडशे वर्षे उभी असलेली भिंत आणि फोटोसाठी वापरायची नवी आलेली काच यांची गाठ एवढ्याशा फटीतून पडली. त्या फटीतले तटाचे आणि दरवाजांचे मोजके फोटो आजही पाहायला मिळतात, आणि मला त्या फोटोग्राफरांचा हेवा वाटतो, हे आधीच कबूल करते.

सकाळी पावणेसातला चर्चगेटला उतरले. या स्टेशनाच्या नावात चर्च आहे आणि गेटही आहे, पण जवळपास दोन्ही नाही. ज्या चर्चवरून दरवाजाला नाव पडले ते सेंट थॉमस चर्च इथून चालत चांगले दहा-पंधरा मिनिटांवर आहे आणि स्टेशन १८७० साली सुरू झाले तेव्हा दरवाजा आधीच पाडलेला होता. रोज लाखो माणसे एका नसलेल्या दरवाजाचे तिकीट काढतात आणि कोणाचेही काही बिघडत नाही. स्टेशनाबाहेरच्या पाटीचा मी एक फोटो काढला. त्यात पाटीखाली एक माणूस जांभई देतो आहे, बाकी काही नाही.

वीर नरिमन रस्त्याने पूर्वेकडे निघाले की क्रॉस मैदानाच्या कडेला भिखा बेहराम विहीर लागते. ही १७२५ सालची. एका पारशी गृहस्थाने खणवलेली ही विहीर तेव्हा तटाबाहेर, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर होती आणि तरीही तिला गोडे पाणी लागले. आत फक्त पारशांना प्रवेश आहे, त्यामुळे मी नेहमी कठड्याबाहेर उभी राहते. विहिरीवरच्या छत्रीला रंगीत काचा आहेत आणि सूर्य जरा वर आला की त्या आतून उजळतात. पण त्या दिवशी मी लवकर पोहोचले होते आणि काचा अजून राखी रंगाच्याच होत्या. त्या तशाच टिपल्या. एक आजी डोक्यावर रुमाल बांधून दर्शन घेत होत्या. त्यांच्याकडे कॅमेरा वळवायचा नाही एवढे भान अशा ठिकाणी ठेवावे लागते, आणि ते ठेवायला कोणी पाटी लावण्याची गरज नसावी.

तिथून पुढे हुतात्मा चौक. चर्च गेट उभे होते ते इथे. दरवाजा गेला आणि १८६४ साली त्याच्या जागी फ्लोरा फाउंटन आले. हे कारंजे खरे तर राणीच्या बागेसाठी तयार करून घेतलेले होते. ते इथे बसवावे असे नंतर ठरले. इंग्लंडहून आणलेल्या पोर्टलंड दगडातली रोमन देवता फ्लोरा वर उभी आहे आणि तिच्या शेजारी हुतात्मा स्मारकातले मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी संयुक्त महाराष्ट्रासाठी जमलेल्या मोर्चावर इथे गोळीबार झाला. चौकाचे आजचे नाव त्या आंदोलनातल्या हुतात्म्यांचे आहे. फोटो काढायला हा चौक फार अवघड. कारंजे फ्रेममध्ये घेतले तर स्मारक कापले जाते, स्मारक घेतले तर कारंज्याची पाठ येते, आणि दोन्ही एकत्र घ्यायला मागे सरकावे तर मागे बसथांबा. मेट्रोच्या कामामुळे कित्येक वर्षे इथे पत्रे होते, तेव्हा तर प्रश्नच नव्हता.

इथे मी ट्रायपॉड उभा केला. मनात एक प्रयोग होता. १८५०च्या दशकातल्या फोटोग्राफरांकडे काचेवर ओल्या कोलोडियनचा, म्हणजे एका चिकट रसायनाचा, थर देऊन काम करण्याची पद्धत होती. थर ओला असेपर्यंत काच कॅमेऱ्यात घालायची, झाकण काढायचे, सेकंद मोजायचे, झाकण लावायचे आणि पळत तंबूत जाऊन ती धुवायची. आपल्याकडच्या उन्हात तो थर किती पटकन सुकत असेल याची कल्पना करा. उघडझापीला सेकंद लागत, त्यामुळे चालती माणसे, बैलगाड्या, पालख्या काचेवर उमटतच नसत. म्हणून त्या काळच्या फोटोंत भर बाजारातले रस्तेही ओस पडल्यासारखे दिसतात. रस्ते ओस नव्हते, काच मंद होती. फोटोग्राफीच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक असलेल्या फ्रान्सच्या डागेरने १८३८ साली पॅरिसच्या एका हमरस्त्याचा फोटो काढला, त्यातही सगळी वर्दळ पुसली गेली आणि बूट पॉलिश करून घेण्यासाठी थांबलेला एक माणूस तेवढा राहिला.

माझ्या लेन्सवर मी दहा स्टॉपचा, म्हणजे प्रकाश सुमारे हजारपट कमी करणारा, गडद फिल्टर चढवला. फिल्टरशिवाय, लेन्सचे छिद्र एफ ११ आणि प्रकाशाची संवेदनशीलता आयएसओ १०० ठेवल्यावर, सेकंदाचा तिसावा भाग एवढी उघडझाप दाखवत होती. फिल्टर लावल्यावर ती सुमारे ३० सेकंदांवर गेली. पहिल्या फोटोत सिग्नलला थांबलेली टॅक्सी भुतासारखी अर्धवट राहिली. दुसऱ्या फोटोत वाऱ्याने सैल पाय हलला. तिसरा चांगला आला. दोन बसगाड्या, सायकलवरून पाव नेणारा, पेपरांचे गठ्ठे उचलणारी तीन मुले आणि माझ्यासारखेच गळ्यात कॅमेरा अडकवलेले चौघे, असे सगळे त्या ३० सेकंदांत माझ्यासमोरून गेले आणि त्यातले कोणीही फोटोत नाही. रिकामा चौक, मधोमध फ्लोरा आणि कारंज्याच्या कडेला एक कुत्रा, स्पष्ट, कारण तो झोपला होता. पडद्यावर तो पाहून मला हसू आले. दीडशे वर्षांपूर्वीच्या काचेची नक्कल करायला गेले आणि डागेरच्या पॉलिशवाल्याच्या जागी मला कुत्रा मिळाला.

चौथ्या फोटोची तयारी करत होते तोच समोरच्या एका इमारतीचा सुरक्षारक्षक रस्ता ओलांडून आला.

"मॅडम, स्टँड लावायचा नाही इथं."

"फुटपाथवर आहे दादा, कोणाच्या वाटेत नाहीये."

"हातात धरून काढा ना, कितीपण काढा. स्टँड नको. वरून फोन येतो आम्हाला."

वाद घालण्यात अर्थ नव्हता. त्याला जे सांगितले होते ते तो करत होता. हातातल्या फोनवर चित्रपटाइतके स्वच्छ चित्रण होण्याच्या काळात तीन काठ्यांच्या स्टँडची एवढी भीती का उरली आहे, हे मला खरोखर कळत नाही. पण या भागात फिरणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य ऐकलेले आहे. स्टँड मिटवला आणि दक्षिणेला वळले.

महात्मा गांधी मार्ग म्हणजे पूर्वीचा एस्प्लनेड रोड. तट गेल्यावर त्याच्या बाहेरच्या अंगाने हा रस्ता तयार झाला, त्यामुळे इथून चालताना डाव्या हाताला 'आत' आणि उजव्या हाताला 'बाहेर' असते. ही जाणीव एकदा झाली की रस्ता वेगळा दिसू लागतो. डावीकडच्या गल्ल्या अरुंद आणि वाकड्या आहेत, तर उजवीकडे उच्च न्यायालय, विद्यापीठ आणि राजाबाई टॉवर यांची ऐसपैस रांग आहे. प्रेमचंद रायचंद यांनी आईच्या नावाने टॉवरसाठी दोन लाख रुपये दिले आणि तो १८७८ साली पूर्ण झाला. ओव्हलच्या बाजूने या रांगेचे जितके फोटो निघतात तितके मुंबईत दुसऱ्या कशाचे निघत नसतील. २०१८ साली जागतिक वारशात नोंद झाल्यापासून तर बघायलाच नको. मी त्या दिवशी तिकडे फिरकले नाही.

थांबले ते एस्प्लनेड मॅन्शनसमोर. म्हणजे पूर्वीचे वॉटसन हॉटेल. १८६०च्या दशकात इंग्लंडमध्ये ओतलेले लोखंडी खांब आणि तुळया जहाजाने आणून इथे जोडल्या आणि त्या सांगाड्यात विटा भरल्या. तट गेल्यावर उभी राहिलेली ही पहिल्या पिढीतली इमारत आहे. गेली काही वर्षे ती रिकामी आणि जर्जर आहे. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिए बंधूंची हलती चित्रे भारतात पहिल्यांदा दाखवली गेली ती इथे. ते खेळ पाहून भारावलेल्यांत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, हे मुंबईतले एक व्यावसायिक फोटोग्राफर होते. त्यांनी परदेशातून चित्रणाचा कॅमेरा मागवला आणि १८९९ साली हँगिंग गार्डनमध्ये कुस्तीचा सामना चित्रित केला. हलणारी माणसे काचेवर उमटत नाहीत ही फोटोग्राफीची जुनी अडचण होती. सावेदादांनी पहिला विषय निवडला तो दोन पैलवानांच्या झटापटीचा. निवड करताना त्यांच्या मनात काय होते ते त्यांनाच ठाऊक, पण मला ती एका फोटोग्राफरची निवड वाटते.

इमारतीचा फोटो काढण्याची एक अडचण अशी, की पडझड फार सुंदर दिसते. गंजलेला कठडा, निखळलेली फळी, आतून डोकावणारे पिंपळाचे रोप: हे सगळे सकाळच्या तिरप्या उन्हात फोटोसाठीच रचल्यासारखे वाटते. मी अशा फोटोंना हल्ली जरा घाबरते. एखादी इमारत मोडकळीला येणे ही तिथे राहिलेल्यांची आणि दुरुस्ती न झालेल्या छपराची गोष्ट असते. माझ्या फ्रेममध्ये ती नुसती शोभा होऊन बसते. म्हणून एकच फोटो घेतला, अगदी सरळ समोरून, खांब मोजता येतील असा.

पुढे काळा घोडा. इथून डावीकडे लायन गेटकडे जाणारा रस्ता म्हणजे के. दुभाष मार्ग, आणि त्याचे जुने नाव रॅम्पार्ट रो. रॅम्पार्ट म्हणजे तट. हेच ते ठिकाण जिथे रस्त्याचे नाव मला हवी असलेली गोष्ट स्पष्टपणे सांगत होते. साडेसात वाजून गेले होते. रस्ता साधारण पूर्व-पश्चिम असल्याने या दिवसांत सूर्य जवळपास रस्त्याच्या टोकाशी वर येतो आणि दहा-पंधरा मिनिटे डांबरावर आडवे ऊन वाहते. इमारतींच्या ओळीची सावली उजव्या कडेला एका अखंड काळ्या पट्ट्यासारखी पडली होती. वर काही नाही, खाली मात्र भिंतीएवढी जाड सावली. मी रस्त्याच्या मधोमध उकिडवी बसले, कॅमेरा जमिनीपासून वीतभर वर धरला आणि उन्हासाठी मोजणी करून सावली काळीकुट्ट होऊ दिली. एका रिक्षाइतक्या रुंदीचा तो काळा पट्टा पाहून जो कोणी 'ही भिंत कसली' असे विचारेल, त्याला उत्तर द्यायला मला आवडेल. सगळ्या सकाळीत मनासारखा मिळालेला फोटो हा एकच. (वाचक बरोबर पकडतील: या भागात रिक्षा येत नाहीत. उपनगरात राहणाऱ्या माणसाच्या डोळ्यांना अंतर मोजायला दुसरे माप सापडत नाही.)

दक्षिणेचा अपोलो गेट याच परिसरात होता. ग्रीक देवाचा इथे संबंध नाही. आपल्या पालवा बंदराचे इंग्रजी तोंडात अपोलो झाले असे सर्वसाधारणपणे मानतात. समोर लायन गेटच्या आत नौदलाची गोदी आहे आणि तिथे कॅमेरा बॅगेत जातो.

शहीद भगतसिंग मार्गाने उत्तरेकडे निघाले की आपण तटाच्या आत येतो. हॉर्निमन सर्कल १८७२ साली पूर्ण झाले तेव्हा ते एल्फिन्स्टन सर्कल होते आणि त्याआधी ती बॉम्बे ग्रीन नावाची मोकळी जागा होती, जिथे कापसाच्या गासड्या पडत आणि वडाच्या झाडाखाली शेअर दलाल जमत. त्या वर्तुळाच्या पश्चिमेला सेंट थॉमस कॅथीड्रल आहे, १७१८ साली प्रार्थनेसाठी खुले झालेले, म्हणजे ज्याच्यामुळे चर्च गेट हे नाव पडले ते. शहराची अंतरे एके काळी इथून मोजत आणि रोमन आकडे कोरलेले मैलाचे दगड अजूनही काही रस्त्यांच्या कडेला सापडतात. रविवारची प्रार्थना सुरू होणार होती, म्हणून आत गेले नाही.

पूर्वेला एशियाटिक सोसायटीची इमारत, म्हणजे १८३३ सालचा टाउन हॉल. ३० पायऱ्या आणि वर पांढरे उंच खांब. या इमारतीचे तोंड पश्चिमेला आहे, त्यामुळे सकाळी तिच्यावर ऊन मागून येते आणि समोरचा भाग निर्जीव दिसतो. संध्याकाळी पाचनंतर तेच खांब सोनेरी होतात. सकाळी फोर्टात येणाऱ्या नवख्या फोटोग्राफरांचा इथे हमखास हिरमोड होतो. पायऱ्यांवर बसून मी बाटलीतले पाणी प्यायले. या इमारतीच्या मागे बॉम्बे कॅसलचे उरलेसुरले अवशेष आहेत, पण ते नौदलाच्या हद्दीत, आयएनएस आंग्रे या तळात. बून यांनी तट बांधला त्या वर्षांत त्यांना सर्वांत मोठी धास्ती होती ती कान्होजी आंग्र्यांची. त्यांना बाहेर ठेवण्यासाठी ज्यांनी एवढे दगड रचले, त्यांच्या किल्ल्याच्या पोटात आज आंग्र्यांच्या नावाचा तळ आहे आणि तिथल्या दरवाजाचा फोटो काढायला मला बंदी आहे. या बंदीबद्दल, का कोण जाणे, मला मुळीच राग येत नाही.

नऊ वाजत आले तेव्हा बाजारगेटच्या गल्ल्यांत शिरले. फोर्टच्या देखण्या फोटोंत हा उत्तरेकडचा भाग सहसा नसतो आणि मला तोच सर्वांत आवडतो. तीन-चार मजली घरे, सज्ज्यांना खालून आधार देणारे कोरीव लाकडी टेकू, त्यांच्यावर तीन पिढ्यांच्या विजेच्या तारा, खाली कागदाची दुकाने आणि छापखाने. रविवार असल्याने बहुतेक शटर खाली होती. बनाजी लिमजी अग्यारी इथलीच, १७०९ सालची. बून यांच्या तटापेक्षा ती जुनी आहे. तट तिच्यानंतर आला, तिच्या आधी गेला आणि ती अजून नांदती आहे. एका कोपऱ्यावर मुळजी जेठा कारंजे आहे, १८९४ सालचे. एका बापाने अकाली गेलेल्या मुलाच्या आठवणीत ते बांधले आणि त्याच्या शिखरावर पुस्तक वाचणारा मुलगा बसवला. खालून पाहिले तर पुस्तक दिसते, चेहरा दिसत नाही. लांब लेन्स आणली नव्हती याची हळहळ मला तेवढ्या एका ठिकाणी वाटली.

एका बंद दुकानाच्या फळीवर एक वृद्ध गृहस्थ वर्तमानपत्र वाचत बसले होते. बराच वेळ माझ्या वाकण्या-उठण्याकडे पाहून त्यांनी विचारले, "कशाचे फोटो काढताय, बाई?"

"कोटाची भिंत कुठे-कुठे होती ते शोधतेय काका."

"भिंत?" त्यांनी पेपर खाली ठेवला. "ती माझ्या आजोबांनीपण बघितली नाही. पण आमच्या घरी अजून 'कोटात राहतो' असंच म्हणतात. माझी सून म्हणते, फोर्ट म्हणा. मी म्हटलं, मराठीत शब्द आहे ना."

"तुमचा फोटो काढू का?"

"माझा कशाला? मी काय भिंत आहे?" असे म्हणून ते हसले आणि पेपर पुन्हा तोंडासमोर धरला. मी काढला नाही. त्यांच्या मागच्या फळीचा काढला, ते उठून गेल्यावर.

बाजार गेटच्या जागेवर आता उभे राहून पाहण्यासारखे काही नाही. टपाल मुख्यालयाचा १९१३ सालचा भला मोठा घुमट आणि पलीकडे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस यांच्या दरम्यान सगळी वाहतूक एकमेकींत घुसत असते. मी तशीच पुढे, पी. डिमेलो मार्गाकडे गेले, कारण एक गोष्ट हातची राखून ठेवली होती. तटबंदीचा एक खरा तुकडा शिल्लक आहे. १७६९ साली उत्तरेकडे उभारलेल्या फोर्ट जॉर्जची भिंत सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या परिसरात अजून उभी आहे आणि राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाचे कार्यालयही तिथेच आहे. मुख्य तटाचा नव्हे, त्याला नंतर दिलेल्या जोडीचा हा भाग; पण दगड तो दगड.

पोहोचेपर्यंत साडेदहा झाले होते आणि ऊन डोक्यावर येऊ लागले होते. काळ्या दगडाला अशा उन्हात अंगच राहत नाही. सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या प्रकाशात प्रत्येक दगडाची कड आणि टाकीचा घाव वेगळा दिसला असता. आता सगळी भिंत सपाट, धुळकट, करड्या पडद्यासारखी दिसत होती. सांध्यांतून पिंपळाची मुळे उतरली होती, एका ठिकाणी कोणीतरी चुन्याचा हात मारला होता आणि पायथ्याशी दुचाक्यांची रांग लावलेली होती. ज्या गोष्टीसाठी सकाळभर चालले ती समोर होती आणि तिचा फोटो चांगला येणार नव्हता. नसलेल्या भिंतीची सावली रॅम्पार्ट रोवर जितकी भिंतीसारखी दिसली, तितकी ही खरी भिंत दिसत नव्हती. वेळ चुकली होती आणि ती मीच चुकवली होती. याच टोकाकडून सुरुवात केली असती तर कदाचित जमले असते.

तरीही कॅमेरा डोळ्याला लावला. तेवढ्यात हेल्मेट हातात घेतलेला एक तरुण आला आणि फ्रेमच्या मध्ये थबकला.

"सॉरी मॅडम, माझी गाडी मध्ये येतेय ना? काढतो लगेच."

"राहू द्या," मी म्हटले. "गाडीमुळे भिंतीची उंची कळते."

त्याने वळून भिंतीकडे पाहिले. तो रोज तिथे गाडी लावत असावा, कारण त्याने ती वरपासून खालपर्यंत अशी पाहिली जणू कोणी नवीन सामान आणून ठेवले आहे. जुन्या फोटोंत लेण्यांपाशी, तटांपाशी एक माणूस मुद्दाम उभा केलेला असे, मापासाठी. फोटोग्राफर त्याला हलू नकोस म्हणून सांगत. मी त्याला विचारले की दोन मिनिटे गाडीशेजारी उभा राहशील का. तो राहिला, हेल्मेट छातीशी धरून, अगदी ताठ. सेकंदाचा अडीचशेवा भाग पुरेसा होता, तो हलला असता तरी चालले असते. पण मी त्याला ते सांगितले नाही.